मँचेस्टरचं ‘सॉफ्ट’ इंग्रजी

आमच्या नळाचं पाणी ‘सॉफ्ट’ आहे, याचा मँचेस्टरकरांना फार अभिमान. लंडनच्या पाण्यात खडूच्या खडकांतला चुना उतरलेला असतो. तिकडे किटलीच्या तळाशी पांढरी खरपुडी धरते, काळ्या चहावर तवंग येतो. आमचं बरंचसं पाणी येतं लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअर तलावातून. तिथल्या कातळात चुना नावालाच. १८९४ पासून हे पाणी दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर नुसत्या उतारावर, पंपाशिवाय कापून शहरात येतंय. साबणाला फेस मात्र इतका, की अंग धुऊन झालं असं वाटतच नाही.

पाण्यासाठी ‘सॉफ्ट’ ही शाबासकी. माणसाला म्हटलं तर प्रकरण वेगळं. ऑफिसखालच्या टपरीवजा कॅफेत मी पर्स उघडली, तर बरोबरच्या बाईंनी माझा हात मागे सारला. “डोन्ट बी सॉफ्ट, लव्ह!” म्हणजे, वेडी की काय, ठेव ते पैसे. उत्तर इंग्लंडात सॉफ्ट म्हणजे खुळा. शेजारच्या लिव्हरपूलमध्ये मित्राला ‘सॉफ्ट लॅड’ म्हणतात, आपल्याकडे ‘येड्या’ म्हणतात त्याच चालीवर. शिवी की लाड, ते सुरावर ठरतं. या बाईंचा सूर ताईगिरीचा होता, मी मुकाट्याने पैसे आत ठेवले.

कुणी ‘सॉफ्ट टच’ असेल तर त्याच्याकडून उसने पैसे, सुट्टीच्या दिवशीचं काम, काहीही निघतं. मऊ लागलं की कोपराने खणणारे इथेही आहेतच.

सगळ्यात आवडता अर्थ मात्र आयरिश. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या तिकडच्या. थेंब दिसत नाहीत, छत्री उघडावी असंही वाटत नाही, पण फाटकापर्यंत जाऊन येईतो केस ओले होतात, अशा हवेला त्या म्हणतात ‘सॉफ्ट डे’. वर “थँक गॉड” जोडतात! कोकणातल्या पावसात वाढलेल्या मला याला पाऊस म्हणणंच जड जातं, त्यामुळे हे नाव लगेच पटलं.

पबमध्ये ‘सॉफ्ट’ म्हणजे दारू नसलेलं. गाडी चालवणाऱ्याच्या नशिबी तेच. त्यातही २०१८ च्या एप्रिलपासून १०० मिलीत ५ ग्रॅम किंवा अधिक साखर घातलेल्या पेयांवर सरकारने कर बसवला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी साखरच कमी केली. चव बिघडली, असं माझं स्पष्ट मत.

आणि ‘सॉफ्ट प्ले’! गाद्या, घसरगुंड्या, रंगीत चेंडूंचा हौद, आणि कानठळ्या बसवणारी पोरं. सगळं मऊ, फक्त आवाज सोडून. मोजे सक्तीचे, आत शिरणाऱ्या आईबापांनाही. लेकीच्या वर्गातल्या कुणाच्या वाढदिवसाचं तिथलं आमंत्रण आलं, की मी पर्समध्ये मोज्यांचा जादा जोड आणि डोकेदुखीची गोळी टाकते.