हिंगाची डबी

आज रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.६. दोन वर्षांपूर्वी ७.८ होतं. तेव्हा लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळले होते. लहान आतड्याचं अस्तरच खराब झालेलं, मग लोह शोषलं जाणार कुठून? सीलिॲक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं कळायला फार उशीर झाला, याचं अजून वाईट वाटतं.

रिपोर्ट घेऊन तशीच वेंगुर्ल्याला मावशीकडे गेले. मावशीने माझ्यासाठी नवा तवा काढून ठेवलेला. बांगडे रव्यात नाही, तांदळाच्या पिठात घोळवलेले. सोबत गरम घावणे, सोलकढी. रवा म्हणजे गहूच, हे तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. मग तिने डाळीची आमटी वाढली आणि मला हिंगाचा वास आला. डबी मागून बघितली, तर मागे बारीक अक्षरात गव्हाचं पीठ.

"माका ठावकच नाय होता गो," म्हणाली, डोळ्यांत पाणी. मी तिला जवळ घेतलं. तिची काय चूक? बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, मलाही हे वर्षभराने समजलं.

आमटी बाजूला ठेवली. पण बांगडे तीन खाल्ले!

तुमच्या घरी कोणी सीलिॲकचं असेल तर हिंगाची डबी आजच उलटी करून वाचा. सोया सॉसही. पुढच्या महिन्यात हाडांची तपासणी आहे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालूच आहे. येताना मावशीने नाचणीचं पीठ बांधून दिलंय, स्वतः जात्यावर दळलेलं.