टिलव्याच्या रक्तात मलेरिया शोधताना

हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावर चरणारा छोटा टिलवा हा पक्षी जेमतेम २५ ग्रॅमचा. वजनाच्या १ टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही हा दंडक धरला, तर त्याची मर्यादा ०.२५ मिलिलिटर. तेवढं लागतही नाही. पंखाखालच्या शिरेला बारीक सुई टोचली की केशनळीत २०-३० मायक्रोलिटर सहज येतं. (वन विभागाची परवानगी आणि पक्षी हाताळायचं शिक्षण नसेल, तर इथेच थांबा.)

पहिला थेंब काचपट्टीवर, तोही काही सेकंदांत. रक्ताला हवा लागली की मलेरियाच्या परजीवीच्या नर पेशी फुटू लागतात आणि ओळख पटवणं अवघड होतं. थर पातळ ओढा आणि बॅटरीच्या छोट्या पंख्यासमोर वाळवा. खाडीवरच्या दमट हवेत तो सावकाश वाळला, तर तांबड्या पेशी आक्रसतात, वेड्यावाकड्या दिसतात. त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवून पट्टी पक्की करा. मग परजीवी रंगवणारं गिम्सा रंगद्रव्य, १० टक्के, पीएच ७.२, सुमारे तासभर.

पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. माणसाच्या रक्ताच्या पट्ट्या वाचून सरावलेला डोळा इथे हमखास चकतो. पेशीत काळपट रंगकण आणि मेरॉंट, म्हणजे परजीवीची विभागणारी अवस्था, दिसले, तर प्लाझमोडियम, म्हणजे खरा मलेरिया. तो मुख्यतः क्युलेक्स डास पसरवतात. नुसते गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीच्या नर-मादी पेशी, असतील, तर बहुधा हिमोप्रोटियस, मलेरियाचा जवळचा नातलग परजीवी. त्याचे वाहक चिलटांएवढे क्युलिकॉइडिस.

उरलेलं रक्त ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन लावलेली नळी नको, ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, अडवतं. परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा ४७९ अक्षरांचा तुकडा दोन फेऱ्यांत वाढवतात. पहिल्या फेरीची नळी उघडताना उडालेला सूक्ष्म तुषारही पुढच्या नमुन्याला खोटा पॉझिटिव्ह करतो, म्हणून दर आठ नमुन्यांमागे एक कोरी, रक्ताचा नमुना न घातलेली नळी हवीच. क्रमवाचनात, म्हणजे त्या तुकड्यातली अक्षरं ओळीने वाचताना, आलेखात एकाच जागी दोन शिखरं आली, तर मिश्र संसर्गाचा संशय घ्या.

टिलव्यासारख्या चिखलात चरणाऱ्या, म्हणजे वेडर, पक्ष्यांत बरेचदा सगळेच नमुने निगेटिव्ह येतात. खाऱ्या चिखलावर आणि आर्क्टिकच्या वीणस्थळी वाहक कमी, हे एक संभाव्य कारण. पण जुन्या संसर्गात परजीवी अवयवांत दडतात आणि रक्तात सापडतच नाहीत. पॉझिटिव्ह आला, तरी तो ठाण्यातला की वाटेतला, हे टिलव्याच्या रक्तावरून कळत नाही. त्यासाठी इथेच वीण घालणाऱ्या शेकाट्या या दुसऱ्या वेडर पक्ष्याची, अजून उडता न येणारी पिल्लं तपासावी लागतात.