ओबीचा ढिगारा आणि अटींचं पत्र : माझा अनुभव

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात आमचं सात एकर कपाशीचं वावर आहे. धुऱ्यावर उभं राहिलं की समोर खुल्या कोळसा खाणीचा ओबीचा ढिगारा दिसतो. कोळशाच्या वरचे माती-दगड काढून टाकतात, त्याला इकडे सगळे ओबीच म्हणतात. पावसाळ्यात तो ढिगारा नाल्यात उतरतो आणि नाला आमच्या वावरात. दोन एकरांवर राखाडी गाळ बसला आहे. वाळला की फरशीसारखा टणक होतो, सरकी टोबली तरी कोंब वर येत नाही.

तीन वर्षं अर्ज केले. ‘गाळामुळे शेती खराब झाली, योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आवक शिक्का मारलेली पोच मिळायची, ती फाईलला लावायचो. उत्तर एकदाच आलं : ‘खाणीचे कामकाज नियमानुसार सुरू आहे.’ आता नियम नेमका कोणता, हे ना त्या उत्तरात होतं, ना माझ्या अर्जात.

आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “पर्यावरण मंजुरीचं पत्र काढ बाबू. खाणीला परवानगी देताना अटी घालतात, त्या त्यात असतात.” पत्र परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर सापडलं. लेकीनं रात्री बसून इंग्रजी वाचलं, मी वहीत मराठीत उतरवत गेलो. ढिगाऱ्याचा उतार २८ अंशांच्या वर नको. पायथ्याला भिंत हवी. भोवती चर हवा, आणि चरातलं पाणी गाळ बसवायच्या टाकीतून गेल्याशिवाय नाल्यात सोडायचं नाही. एक अट मी तिला दोनदा वाचायला लावली : वरची सुपीक माती वेगळी साठवायची आणि खड्डा बुजवल्यावर त्याच जमिनीवर परत पसरायची. ज्यांची वावरं खाणीत गेली त्या माझ्या शेजाऱ्यांना ही अट कोणी कधी सांगितली नव्हती.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे या अटी पाळल्याचा अहवाल खाणीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक असतो, मागणाऱ्याला प्रत द्यायची असते. माझ्या साध्या अर्जाला उत्तर आलं नाही, म्हणून १० रुपये भरून माहिती अधिकारात मागितला. सत्ताविसाव्या दिवशी पाकीट आलं. चराच्या अटीसमोर लिहिलं होतं, ‘पूर्तता केली आहे’.

दुसऱ्या दिवशी अहवाल हातात घेऊन मी ढिगाऱ्याच्या कडेकडेनं चाललो. चर होता, पण काठोकाठ गाळानं भरलेला, त्यात बाभळीची रोपं माझ्या कमरेला लागत होती. म्हणजे किती वर्षं उपसला नसेल! फोटो काढले, प्रत्येकामागे तारीख आणि अटीचा क्रमांक लिहिला. नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवलं. सकाळी तळाशी दोन बोटं गाळ होता.

या वेळचा अर्ज एका पानाचा होता. डावीकडे अट, मधे अहवालातलं वाक्य, उजवीकडे जागेवरची स्थिती. पाच आठवड्यांत संयुक्त पाहणी लागली. पाहणीला आलेल्या साहेबांनी ढिगाऱ्याच्या उताराला यंत्र लावलं, ३६ अंश भरला. खाणीचे अधिकारी म्हणाले, “पावसानं थोडं घसरलं असेल.” मी म्हटलं, “साहेब, आकडा आणि अट क्रमांक दोन्ही पंचनाम्यात लिहा, मग सही करतो.” त्यांनी लिहिलं. माझ्या मते सगळं वळण तिथे आलं. पुढे पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धच्या जल कायद्याच्या कलम ३३अ खाली खाणीला निर्देश गेले, चर उपसला, आमच्या बाजूला दगडी भिंत उभी राहिली.

जुन्या पोचपावत्याही वाया गेल्या नाहीत. वकील म्हणाले, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणात भरपाई मागायची मुदत ५ वर्षांची आहे, आणि नुकसान कधीपासून सुरू झालं ते या शिक्क्यांवरूनच दाखवता येईल. पुण्याच्या खंडपीठासाठी कागद जुळवतो आहे. तलाठ्याचा पंचनामा मात्र मी पहिल्याच वर्षी करून घ्यायला हवा होता. ज्यांच्या वावरात आत्ता गाळ येतो आहे त्यांनी तो आधी करावा.

राहिली ती वरची माती. खाण बंद करण्याच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मालकाला कोळसा नियंत्रकांच्या नियंत्रणातल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे काम दाखवल्याशिवाय काढता येत नाहीत अशा खात्यात, पैसे ठेवावे लागतात. खुल्या खाणीला तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख. त्या सूचनांत दर ५ वर्षांनी काम तपासून त्यातले जास्तीत जास्त ८० टक्के परत मिळायचे. मी माहिती अधिकारात विचारलं, किती हेक्टरवर माती पसरल्याचं दाखवून पैसे परत घेतले, त्यांचे गट नंबर द्या. बुजवलेल्या एका तुकड्यावर मी कुदळ मारून पाहिली होती. वीतभर खोलीपर्यंत नुसती दगडाची खपली निघाली, काळी माती मुठीतही आली नाही. उत्तर अपुरं आलं. पहिलं अपील टाकलं आहे, सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.