अस्तराखालच्या गाठी

माझ्या भाचीची चित्रकलेची सगळी इस्टेट किराणा दुकानाच्या एका पिशवीत असायची. रविवारी सकाळी ती टिळकवाडीतल्या क्लासला निघाली की बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत मागांच्या खडखडाटातही त्या पिशवीची कुरकुर ऐकू यायची. आत बारा रंगीत पेन्सिली, एचबीपासून सिक्स बीपर्यंतच्या काळ्या पेन्सिली, चार ब्रश आणि टोक करून झाल्यावरचा भुसा. तो भुसा ती का सांभाळायची ते मी विचारलं नाही. दोन-तीन दिवसांआड एकच तक्रार: "आत्या, टोक केलं की शिसं तुटतंय गे." तुटणारच. पेन्सिल आपटली की वरून लाकूड शाबूत दिसतं, आत शिशाचे तुकडे झालेले असतात. मग पेन्सिल जन्मभर छिला, हाती तुकडेच येतात. सहा नंबरच्या ब्रशचे केस तर झोपेतून उठलेल्या माणसासारखे एका अंगावर गेले होते.

बेळगावात चित्रकलेचं वेड आजचं नाही. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली इथे कितीतरी चित्रकार तयार झाले, रवी परांजपे त्यातलेच. सरांकडे जाणारी ती पोरं पेन्सिली कशात ठेवत असतील, असं मला उगीचच वाटून गेलं. बहुतेक शर्टाच्या खिशातच. पण आमचं बाळ पुढेमागे चित्रकलेच्या लोअर ग्रेड परीक्षेला बसणार, तेव्हा मी म्हणाले, "थांब, शिवून देते तुला फोल्डर." माप घेईपर्यंत हे वाक्य फार सोपं वाटतं.

मापातच पहिली फजिती. पेन्सिलची जाडी साधारण 7 मिलिमीटर, म्हणून मी मोठ्या उदारपणे 10 मिलिमीटरला एक अशा रेघा मारल्या आणि टिपा घातल्या. एकही पेन्सिल आत जाईना. मग टेप पेन्सिलभोवती गुंडाळली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेन्सिल गोल आहे, कापड सपाट! तिचा घेर भरतो 22 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कापडाच्या दोन्ही थरांना किमान अकरा-अकरा लागणार, वर टिपेसाठी आणि बोटाने ओढून काढायला थोडी सैल जागा. ब्लाउज शिवताना दंडाचा घेर घ्यायचा हे मला झोपेतही आठवतं, पण पेन्सिललाही घेर असतो हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. सगळं उसवलं. शेवटी पेन्सिलला पाऊण इंच आणि ब्रशला एक इंच ठरलं. वरून एक झाप घेतली, म्हणजे घडी घातल्यावर पेन्सिली बाहेर पडणार नाहीत आणि ब्रशच्या केसांना काही टोचणार नाही. उजव्या बाजूला ए-फोर वही सरकवायला मोठा खिसा.

कापडाची निवड मात्र मी महिनाभर चघळली असती, इतकी ती मजेची. आजीचं एक इरकली लुगडं ट्रंकेत होतं. अंग सुती, ते बसण्याउठण्यात गुडघ्यापाशी विरून गेलेलं, पण रेशमी पदर अजून खणखणीत. इरकलीत पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांत एकेक करून अडकवलेले असतात. त्या जोडावरून बोट फिरवलं की एका बाजूला आजीचा संसार संपलेला आणि दुसऱ्या बाजूला कालच घडी मोडल्यासारखा पदर. कात्री लावताना आई समोर बसली होती. काही बोलली नाही, पण चष्मा काढून ठेवला. बाहेरून हा पदर, पोटात खडेबाजारातून आणलेलं कॅनव्हास, धुऊन, आटवून, इस्त्री केलेलं. (न धुता शिवाल तर पहिल्या धुण्यात कॅनव्हास आटतं आणि पदराला फुगे येतात, हे मी दुसऱ्या एका पिशवीवर शिकले आहे.) खिशांना गुळेदगुड्डचा खण, ओटीत आलेला. आमच्या घरात ओटीचे खण एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरतच असतात, त्यातला एक तरी कामाला लागला. पाठीला टू बाय टू रुबियाचं अस्तर.

आता नाव घालायचं. आई लहानपणी दोन वर्षं धारवाडला मावशीकडे होती, तिथे ती कसूती हे तिकडचं भरतकाम शिकली. मला तिने चारही टाके शिकवले: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. कापडावर छाप काढायचा नाही, नुसते धागे मोजायचे. म्हणून खणावर ते जमेना, विण फार दाट. मोजता येईल असं मॅटीचं कापड आणून त्याचा चौकोन झापेवर लावायचं ठरलं. पण लिपी कोणती? घरात मराठी, शाळेत इंग्रजी, क्लासचे सर फळ्यावर कन्नड लिहिणारे. भाची म्हणाली, तिन्ही घाल. मोजून घातलेला टाका आडवा, उभा किंवा तिरका जातो, वळत नाही. कन्नड अक्षरं सगळी गोलमटोल, चौकटीच्या कागदावर काढली तर भांड्यांच्या मांडणीसारखी दिसायला लागली. देवनागरीची शिरोरेघ मात्र गवंतीला फार लाडकी, सरळ धावत जाते. पण तिच्या नावातल्या उकाराने शेपटी वळवायला साफ नकार दिला. सीमाभागातला भाषेचा हा प्रश्न मी माझ्यापुरता असा सोडवला की नावच नको. मांजर घालू. आईच्या नमुन्यांत गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन सगळं होतं, मांजर नव्हती. गणिताच्या वहीत चौकटी मोजून मीच काढली. लोक तिला कुत्रं म्हणतात.

कसूतीत गाठ मारायची नाही, हा आईचा कायदा. धाग्याचं टोक टाक्यांतच फिरवून जिरवायचं. गवंती जाताना एक टाका सोडत जाते आणि परतीच्या वाटेवर सोडलेल्या जागा भरते, त्यामुळे पुढून-मागून सारखीच दिसते. गवंती हे नाव म्हणे कन्नडातल्या 'गंटू' म्हणजे गाठीवरून आलं, आणि त्यातच गाठ चालत नाही! मला धीर कमी. शिवाय मागे अस्तर येणारच होतं. कोण बघतंय? मी पटापट गाठी मारल्या आणि कात्रीने शेपट्या उडवल्या.

जोडताना कडेला पदर, कॅनव्हास, खण, रुबिया आणि वर गोट असे थर झाले. आमच्या मशीनने 'टक्' केलं आणि सुईचं टोक कुठेतरी उडालं. जुलैतला पाऊस, घरभर ओले कपडे वाळत टांगलेले, त्यात मी जमिनीवर हात फिरवत टोक शोधतेय आणि आई म्हणतेय, "एवढं कशाला गे? पेन्सिली काय पळून जाऊल्यात?" कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याने थर चिमटीत धरले, माझी 14 नंबरची सुई ऐकून मान हलवली. "आगूदिल्ल री अक्का. हदिनेंट नंबर हाक्री." अठरा नंबरची सुई घातली आणि मशीन मोटारीने नव्हे, हाताने चाक फिरवत चालवलं. कोपरे पार पडले.

इथे थांबायला हवं होतं. पण झाप मोकळी दिसायला लागली. एक कवडी लावली. एकच बरी दिसेना म्हणून दोन. मग आरसे. नक्षीकाम आधी आणि खिसे-अस्तर मागून, हा क्रम शिवणकाम शिकणाऱ्या कुठल्याही पोरीला माहीत असतो. मी मात्र शिवून झालेल्या फोल्डरवर डाव्या कडेला आरसा लावत बसले, टाके आरपार गेले आणि सिक्स बीचा खिसा कायमचा बंद झाला. भाचीने पेन्सिल घालून बघितली, अर्ध्यावर अडकली. "असू दे आत्या," ती म्हणाली, "सिक्स बी तशीही तुटलीय."

त्यानंतर दोन रविवार ती किराणाची पिशवी घेऊनच क्लासला गेली. फोल्डर कपाटात, साड्यांच्या घडीत. मी विचारलं तर म्हणे, घाण होईल ना! माझा चेहराच पडला. एवढा घेर मोजून, झाप घेऊन, शेवटी मी तिला पेन्सिलींची ओटी भरून दिली होती. त्या रात्री दोन आरसे आणि एक कवडी उसवून टाकली. कापडावर टाक्यांची भोकं राहिली, थोडं गोंधळलेलं, वापरलेलं दिसायला लागलं ते फोल्डर. आरशाबरोबर सिक्स बीचा खिसाही मोकळा झाला.

तिसऱ्या रविवारी नेलं. परत आलं ते निळं होऊन. ओले ब्रश तसेच खोचलेले. प्लॅस्टिकमध्ये आमच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली असती, कापडात निदान वाळले. पण निळा रंग झापेवरून उतरत मांजरीच्या पोटापर्यंत आला होता. आईने काही न बोलता फोल्डर न्हाणीत नेलं, डागावर साबण लावला आणि अंगठ्याने चोळायला लागली. मी दारात उभी. तिचा अंगठा मांजरीच्या कानापाशी थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा थांबला.

"हितं गाठ हाय गे."

मी म्हटलं, असेल एखादी. ती पुन्हा चोळायला लागली. एकूण अकरा आहेत.