आधी पात वाळव, मग बघू

खानापूर तालुक्यात जुलैमध्ये काही वाळवायचं म्हणजे काय, हे इथं पावसाळा काढलेल्यालाच कळेल. कपडे चुलीच्या धगीवर वाळतात, चामड्याच्या चपलेला बुरशी धरते. नेमक्या त्याच महिन्यात मला भाताची पात हाडासारखी कोरडी करायची होती, कारण ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जाणार होती.

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचा माझा प्रकल्प होता. प्रश्न घरातलाच: भाताची पात हात का कापते? भांगलण करून आलेल्या आईच्या मनगटावरचे ओरखडे मी लहानपणापासून बघत आलेय. पुस्तकातलं उत्तर असं की, भात मातीतलं सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) मुळांवाटे ओढून पानात साठवतं, कधीकधी सुक्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. करपा रोग आणि पीक आडवं लोळणं यांच्याशी झुंजायला ते पिकाला उपयोगी पडतं. पण कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पानावरचा एक काटा नीट दिसायला लागला की शेजारचा धूसर व्हायचा. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये उंचसखल भागही एकदम स्पष्ट दिसतो, शिवाय त्या ठिकाणी कुठलं मूलद्रव्य आहे तेही कळतं. म्हणून नंबर लावला.

यंत्र धारवाडच्या बाजूला होतं. लोंढा, अळणावर करत गाडीनं गेले. वहीत दाबून आठवडाभर वाळवलेली पात पाकिटात. ऑपरेटर सरांनी "बर्री, कुंद्रि" म्हणून बसवलं, पात चिमट्यानं उचलून उजेडात धरली आणि मान हलवली. "इन्नू ओणगिल्ल री." अजून वाळली नाही. मी म्हटलं, सर, कडक झालीय. ते हसले, म्हणाले, घाला मग, बघा.

आत गेली आणि पंप चालूच राहिला. इलेक्ट्रॉनांना हवेतून सरळ जाता येत नाही, म्हणून कप्प्यात निर्वात लागतं. पानात उरलेला ओलावा वाफ होऊन बाहेर येत राहिला आणि दाब दाखवणारा काटा खाली यायलाच तयार नव्हता. कसाबसा आला, तेव्हा पडद्यावर पान नव्हतं, उन्हात आखडलेल्या गोधडीच्या सुरकुत्या होत्या. वर पांढरे झोत. पात वीज वाहून नेत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्यावर साचतात आणि चित्र पेटल्यासारखं दिसतं. तासाचे पैसे गेले. चूक सगळी माझीच.

परतीच्या गाडीत कळलं ते एवढंच, की पाणी असं सरळ उडू द्यायचं नाही. उडणाऱ्या पाण्याचा पृष्ठताण पेशींच्या भिंती आत खेचतो आणि पान आवळतं. मग दुसरी तयारी. ताजी पात कापून, पेशी जशाच्या तशा धरून ठेवणाऱ्या २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये रात्रभर फ्रिजात. सकाळी बफरनं, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणानं, धुवायची. नंतर पाण्याची जागा हळूहळू घ्यायला अल्कोहोल, ३०, ५०, ७०, ९० आणि शेवटी १०० टक्के, प्रत्येकात पंधरा मिनिटं. घाई केली तर पान दचकतं, असं आमच्या मॅडम म्हणायच्या.

शेवटच्या टप्प्याला मात्र मी अडकले. अल्कोहोल काढायला बरेच जण एचएमडीएस नावाचं द्रव वापरतात. स्वस्त पडतं, वेगळं यंत्र लागत नाही. बाटली आणलीही होती. मॅडमनी लेबलवरचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचायला लावलं. हेक्सामिथिलडायसिलाझेन. "यात काय आहे गं?" सिलिकॉन! मी पानात सिलिकॉन शोधायला निघाले होते आणि वाळवण्याच्या नावाखाली तेच ओतणार होते. परीक्षकानं एवढं एक विचारलं असतं तरी मी संपले असते.

मग क्रिटिकल पॉइंट ड्रायर. अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि ३१ अंश, ७३ वातावरण दाबाच्या पुढे न्यायचा. तिथं द्रव आणि वायू यांच्यात सीमारेषाच उरत नाही, म्हणजे पृष्ठताणाचा प्रश्नच नाही. पात बाहेर आली तेव्हा हातात काहीच धरलं नसल्यासारखी हलकी, पण आकार शाबूत. कार्बन टेपवर चिकटवली, वर वीज वाहून जावी म्हणून सोन्याचा काही नॅनोमीटरचा मुलामा. हे ऐकून आप्पा म्हणाले, "भाताला सोन्याचा भाव कधी मिळाला नाही, मुलामा तरी मिळाला."

दुसऱ्या खेपेला मी बेळगावचा कुंदा घेऊन गेले. सरांनी डबा बाजूला ठेवला आणि आधी पातच बघितली. या वेळी मान हलली नाही. ५ किलोव्होल्टवर चित्र आलं. शिरांवर डंबेल्ससारखे सिलिकाचे दाणे आडवे मांडलेले, ओळीनं. सरांनी नॉब फिरवत कडेला नेलं, आणि तिथं काटे. सगळे टोकाच्या दिशेनं वळलेले. म्हणून पात बुडापासून शेंड्याकडे चोळली तर गुळगुळीत लागते, उलट ओढली की कापते. नंतर व्होल्टेज वाढवून एका डंबेलवर मूलद्रव्यं मोजली. क्ष-किरणांच्या ऊर्जेच्या आलेखात १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जागी सिलिकॉनचं शिखर, शेजारी २.१२ ला आमचं सोनं.

सर म्हणाले, रुस्का आणि नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनला पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप जमवला आणि रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. तू सात महिन्यांत रडायलीस.

वेळ संपली तेव्हा दोन नमुने बघायचे राहिलेच होते. ते डब्यात सिलिका जेलमध्ये ठेवून घरी आणले. सिलिका बघायला सिलिकाचाच पहारा. आठवड्यात जेलचे निळे खडे गुलाबी झाले, म्हणजे ओल आत शिरली. आई म्हणाली, "आण इकडं, कढईत भाजून देते." मी डबा उचलून कॉलेजच्या ओव्हनकडे पळाले.