दवाखाना बंद झाला की हँग होणारा कॉम्प्युटर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आगेमागे आमच्या धंद्यात जी पळापळ झाली ती ज्याने केली त्यालाच ठाऊक. मी ठाण्यात छोटी ऑफिसं, दुकानं, दवाखाने यांचे कॉम्प्युटर बघतो, नौपाडा, पाचपाखाडी, फार तर वागळे इस्टेट, आणि दिवाळीच्या आधीपासून सगळ्यांचा एकच फोन, "अहो तो निळा मेसेज येतोय, आता काय करायचं?" ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत होतं त्यांचं चढवून मोकळा झालो. चढत नव्हतं त्यातला एक म्हणजे नौपाड्यातल्या दाताच्या दवाखान्यातला, रिसेप्शनवरचा. एएमडीचा रायझन ३ १२०० प्रोसेसर, असेंबल केलेला, आठ जीबी रॅम, जीटी ७१० चं ग्राफिक कार्ड, एसएसडी नंतर मीच टाकलेली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत रायझनची पहिली पिढी नाहीच, म्हणजे मशीन ठणठणीत आणि तरी बाद.

त्या टेबलावर काम तरी काय, अपॉइंटमेंट ब्राउझरमध्ये, एक्सेलची एक शीट, बिलाचे आणि प्रिस्क्रिप्शनचे प्रिंट. एक्स-रेच्या सेन्सरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं पण ते आत डॉक्टरांच्या लॅपटॉपवर. म्हटलं विंडोज काढून लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "फुकट आहे ना?" आणि विषय संपला. इन्स्टॉल झालं, प्रिंटर आपोआप लागला, मराठी टायपिंग लागलं, रिसेप्शनवरच्या ताई थोडे दिवस कुरकुरल्या की ते खालचं चार चौकोनांचं बटण कुठे गेलं, मग त्यांचाही हात बसला. मी बिल केलं.

आणि मग फोन सुरू झाले. "दादा, अडकलाय."

अडकलाय म्हणजे कसा, तर पूर्ण दगड. बाण हलत नाही, कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवा लागत नाही, पॅनेलवरचं घड्याळ जिथे होतं तिथेच. बटण दाबून धरायचं, बंद, परत चालू. चालू झाला की गुपचूप चालतो.

पहिला संशय ग्राफिक कार्डवर, कारण मिंट एनव्हिडियाच्या कार्डांना नूवो नावाचा ड्रायव्हर लावतं आणि जुन्या कार्डांवर तो कधीकधी रुसतो हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहिती. एनव्हिडिया कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला, ४७० नंबरचा. दुसऱ्या दिवशी परत फोन. रॅम काढून पट्टी पुसून दुसऱ्या स्लॉटला लावली, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून ठेवला, सकाळी बघतो तर एकही चूक नाही. एसएसडीची तब्येत बघितली, उत्तम. सीपीयूला मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम तासभर चालवला, पंखा बोंबलत होता पण मशीन काही हललं नाही. गेल्या वेळच्या बूटचा लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी, जर्नलसीटीएल या कमांडने काढून बघितला, तर त्यात शेवटची ओळ अगदी साधी, कुठलीतरी रोजची नोंद, आणि पुढची ओळ थेट ताईंनी परत चालू केल्याची. मधे काहीच नाही. एरर असती तर तिला धरून काहीतरी शोधता आलं असतं, पण मशीन एवढ्या पटकन गचकत होतं की मेलो असं लिहायलाही त्याला वेळ मिळत नव्हता.

इकडे डॉक्टरांचा सूर बदलला होता. "ते तुमचं लिनक्स नको, जुनं होतं तेच टाका, सपोर्ट गेला तर गेला." पेशंटच्या फोन नंबरांनी भरलेल्या मशीनवर सपोर्ट संपलेलं विंडोज नेटला लावून ठेवायचं मला पटेना, शिवाय खरं सांगायचं तर आता जरा इज्जतीचाही प्रश्न झाला होता. म्हटलं एक दिवस द्या, मी इथेच बसतो.

तो गुरुवार. स्कूटर लावायला जागा शोधण्यात नेहमीप्रमाणे अर्धा तास गेला, गोखले रोडला पार्किंग हा वेगळाच विषय आहे, तो जाऊ दे. सकाळभर ताईंच्या बाजूला स्टूलवर बसून होतो. माझ्या लॅपटॉपवरून त्या मशीनला सतत पिंग, म्हणजे नेटवर्कवरून "आहेस का" अशी हाक, चालू ठेवला, म्हणजे नुसती स्क्रीन अडकली की अख्खं मशीन गेलं ते कळेल. पेशंट येतायत, फोन वाजतोय, प्रिंट निघतायत, मशीन मस्त. दीडला दवाखाना बंद झाला, डॉक्टर घरी, ताई जेवायला घरी, मी किल्ली घेऊन आत एकटा, आणि दुपारभर एकेक टेस्ट लावून बघतोय, कुठे काही नाही. दवाखान्याची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो तशी गत.

साडेचारला ताई आल्या. पर्स ठेवली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चालू आहे? गाणी लावली होतीत का?"

मी म्हटलं कसली गाणी.

"अहो मी सकाळी आल्यावर भक्तिगीतं लावते ना, हळू आवाजात, ती चालू असली की हा कधी अडकत नाही. डॉक्टर आले की बंद करते. एकदा बंद करायची राहिली, नुसता आवाज घालवला, तर दुपारभर चालूच होता संध्याकाळी आले तेव्हा. नाहीतर एरवी दुपारी घरी जाऊन आलं की हा ठप्प. हे बघा ना." आणि त्यांनी अपॉइंटमेंटच्या वहीचं मागचं पान उघडून समोर ठेवलं.

त्या पानावर त्यांनी पेन्सिलने वेळा लिहून ठेवल्या होत्या. अडकलेल्या घड्याळात जी वेळ दिसायची ती आणि बाजूला तारीख. स्क्रीन लॉक त्यांच्याच आग्रहाखातर मी बंद केला होता, सारखा पासवर्ड नको म्हणून, त्यामुळे घड्याळ दिसायचं. दोन-दहा. दोन-पस्तीस. तीनला पाच कमी. दुपारी चहाच्या वेळेचं एखादं, एक रविवारचं, मशीन शनिवारी बंद करायचं राहिलं होतं म्हणे. गर्दीच्या वेळेचं एकही नाही. मी सगळा वेळ लॉग चाळत होतो आणि खरा लॉग ताईंच्या ड्रॉवरमध्ये.

डोक्यात ट्यूब पेटली ती तिथे. मेमटेस्ट काय, ताण देणारा प्रोग्रॅम काय, मी घेतलेल्या सगळ्या परीक्षा सीपीयूला काम देणाऱ्या, आणि दुखणं होतं रिकामं बसण्याचं. मुद्दाम सगळं बंद केलं, ब्राउझर बंद, टेस्ट बंद, फक्त डेस्कटॉप. पेशंटना ताई वहीत लिहून आत सोडत होत्या. बाहेर जाऊन एक कटिंग मारून आलो तर माझ्या लॅपटॉपवर पिंगला उत्तर येणं थांबलेलं आणि त्या स्क्रीनवरचं घड्याळ पाच-वीसवर. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी दाबून बघितलं, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, थोडाजरी जीव असेल तर त्याने मशीन नीट रीस्टार्ट होतं. काही नाही. एखाद्या प्रोग्रॅमचं काम नव्हतं हे, सीपीयूच गेलेला.

पहिल्या पिढीच्या रायझनचं हे दुखणं लिनक्सवाल्यांत जुनं आहे. काम नसलं की सीपीयूचे कोअर झोपतात, जितकं काम कमी तितकी झोप गाढ, सगळ्यात गाढ झोपेला सी६ म्हणतात, त्यात कोअरची वीज जवळजवळ काढूनच घेतात. त्या वेळी सीपीयू एसएमपीएसकडून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, इतका कमी करंट मागतो की काही एसएमपीएसना तेवढ्या कमीवर व्होल्टेज सांभाळता येत नाही. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हाही हीच बोंब झाली होती, आधीचे एसएमपीएस बारा व्होल्टच्या लाईनवर किमान अर्धा अँपिअर गृहीत धरून बनवलेले आणि हॅसवेल झोपेत ०.०५ वर जाणार. या मशीनला तर लोकल एसएमपीएस होता, लॅमिंग्टन रोडची स्वस्तातली माया, वजन हातात घेतलं तरी कळतं. मग विंडोजवर इतकी वर्षं कसं चाललं? मला वाटतं विंडोज मागे सारखं काहीतरी खुडबुडत असतं, अपडेट बघ, अँटिव्हायरस फिरव, इंडेक्स बनव, सीपीयूला निवांत झोप मिळतच नसावी. मिंटने खऱ्या अर्थाने शांत बसू दिलं आणि तिथेच घात झाला.

यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच असलेल्या आणि मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक सेटिंग असतं, पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल, एएमडी सीबीएस नावाच्या मेनूच्या आत लपवलेलं. ते ऑटो असतं, ते टिपिकल करंट आयडल करायचं, म्हणजे झोपेतही करंट एका मर्यादेखाली जात नाही. बायोस उघडला तर सेटिंगच नाही. बोर्ड घेतल्यापासून बायोस कोणी अपडेट केलेला नव्हता आणि हा पर्याय नंतरच्या व्हर्जनमध्ये आलेला. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नलला एक ओळ देऊन गाढ झोप बंद करता येते, पण बायोसमध्येच केलेलं बरं, कारण उद्या कोणी परत विंडोज टाकलं, दुसरं काही टाकलं, तरी सेटिंग राहतं.

बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड कचऱ्यात, हे माहीत असल्यामुळे माझे हात दरवेळी जरा थंडच पडतात. डॉक्टरांच्या खुर्चीसाठी इन्व्हर्टर आहे, मशीनची वायर तिकडच्या पॉइंटला नेली. बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर लिहिलं होतं की इतक्या जुन्यावरून थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारू नका, आधी मधलं टाका. पेनड्राइव्ह फॅट३२ करून मधलं टाकलं, मग शेवटचं. आतमध्ये डॉक्टरांचं ड्रिल चालू, बाहेर माझी प्रोग्रेसची पट्टी सरकतेय, आणि एक आजोबा गालाला रुमाल लावून माझ्याकडे बघत बसलेले, त्यांना वाटलं असेल मलाच जास्त दुखतंय. झालं. अपडेटने बाकी सेटिंग पुसली, बूटचा क्रम परत लावला, तारीख-वेळ लावली, आणि ते एक सेटिंग बदललं.

त्या रात्री मशीन मुद्दाम चालू ठेवून गेलो, काही न लावता, नुसता डेस्कटॉप. सकाळी साडेनऊला ताईंचा फोन, "घड्याळ बरोबर आहे हो." आठवडा गेला, दुपारी चालूच, रविवारीही चालू. मग डॉक्टरांना सांगून एसएमपीएसही चांगल्या कंपनीचा टाकून घेतला, त्यांनी त्याचे पैसे देताना तोंड वाकडं केलं, मला म्हणाले फुकट म्हणाला होतात ना. बायोसचं सेटिंग मी तसंच ठेवलंय, परत ऑटो करून बघायची खाज आहे पण ताई बघू देणार नाहीत.

आता माझ्या गिऱ्हाइकांत पहिल्या पिढीचा रायझन जिथे जिथे आहे तिथे लिनक्स टाकायच्या आधीच बायोस बघतो. दवाखान्यातला आतला लॅपटॉप मात्र अजून विंडोज १० वरच आहे, एक्स-रेच्या सेन्सरमुळे. तूर्तास त्याचं नेट काढून ठेवलंय आणि एक्स-रे पेनड्राइव्हने बाहेर येतात, यावर डॉक्टर रोज एकदा तरी बोलतातच.