कॅमेरा कशाला मागतंय ते?

"लॉगिनच्या त्या ॲपला माझा कॅमेरा कशाला पाहिजे?" बेळगावला उद्यमबागेत आमच्या ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की आठवड्याच्या आत हा प्रश्न येतोच. ते ॲप म्हणजे ऑथेंटिकेटर, पासवर्डनंतर टाकायचा सहा आकड्यांचा कोड दाखवणारं. कॉम्प्युटरचं बघणारा मी, म्हणून माझ्याकडंच येतो. परवा अनगोळात गल्लीतल्या काकूंनीही गाठलं. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्याचा जुना फोन आता त्यांच्याकडं. "फोटो काढून कुठं पाठवत नाही ना रे ते?"

नाही, काकू. स्क्रीनवर तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो, त्याच्यात एक लांबलचक गुप्त किल्ली असते. ती वाचायला कॅमेरा. नको असेल तर अक्षर-अक्षर हातानं टाइप करा, बहुतेक ठिकाणी चालतं. एक चुकलं की पहिल्यापासून. मी स्वतः कॅमेरा देतो, किल्ली आत गेली की सेटिंगमध्ये जाऊन काढून घेतो. कोड येत राहतात.

येत राहतात, कारण ते कुठून येतच नाहीत. आत ठेवलेली किल्ली आणि चालू वेळ, या दोहोंचं गणित करून फोन दर 30 सेकंदांना नवे सहा आकडे काढतो. तेच गणित पलीकडचा सर्व्हर करतो. जुळलं की दार उघडतं. ही रीत 2011 साली आरएफसी 6238 या इंटरनेटच्या जाहीर कागदात सगळ्यांसाठी खुली लिहून ठेवलीय, कुणा एका कंपनीची नाही. इंटरनेटही लागत नाही. जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की फोनवरच्या रेघा एकेक करून जातात, तरी कोड आपले बदलत असतात.

नोटिफिकेशनची परवानगी वेगळ्या कामाची. काही ॲप आकडे दाखवण्याऐवजी "तुम्हीच लॉगिन करताय का?" असं विचारतात. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवायलाही आधी विचारावं लागतं, म्हणून ती खिडकी. ही द्या. पण आपण कुठं लॉगिन करत नसताना तसा प्रश्न आला, तर "होय" दाबू नका.

काकूंचा खरा राग कॉन्टॅक्ट्सवर होता. त्यांचा फोन दुकानदारानं कन्नडमध्ये लावून दिलाय, "अनुमतिसि" (परवानगी द्या) दिसलं की त्या दाबतात. पण संपर्कांचं नाव वाचून त्यांचा हात थांबला. बरोबर थांबला. जुन्या अँड्रॉइडमध्ये एक घोळ होता: फोनवर कुठली खाती आहेत एवढंच बघायचं असलं, तरी ती परवानगी कॉन्टॅक्ट्सच्याच गठ्ठ्यात बांधलेली. ॲपला हवं एक, खिडकीवर लिहिलेलं दुसरंच. माणसानं संशय घेतला तर त्याचं काय चुकलं? नकार देऊन बघा. कोड दाखवायचं काम त्यावाचून अडू नये.

लोकेशनचं उत्तर कंपनीकडं. अमुक देशातूनच लॉगिन व्हावं असा नियम कंपनी लावू शकते, मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये तशी सोय आहे. आपल्या कंपनीत तो नियम आहे का, ते विचारून मगच द्या. मेसेज वाचायची परवानगी मात्र नाहीच. कोड स्वतः काढणाऱ्याला आमचे मेसेज कशाला? वीज कंपनीचा, हेस्कॉमचा माणूस रीडिंग घ्यायला येतो, त्याला आपण मीटर दाखवतो. कपाट कुठं आहे ते सांगत बसत नाही.

गंमत म्हणजे या ॲपला ज्याच्यावाचून खरंच चालत नाही, ते ते मागतच नाही. बरोबर वेळ. बस चुकू नये म्हणून घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढं ठेवायची आमची जुनी सवय, तसा मी फोनही ठेवला होता. दोन दिवस एकही कोड लागेना. किल्ली पुसून पुन्हा घातली, फोन बंद-चालू केला, सर्व्हरवाल्याला चार शब्द सुनावले. शेवटी त्यानंच विचारलं, "साहेब, तुमच्या फोनवर किती वाजलेत?"

आता फोनची वेळ आपोआप वर आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून पाच मिनिटं पुढंच, आणि मी त्या दोघांच्या मधल्या हिशेबानं बसला पळतो.